उलट्या वेढ्याची माशी

बिशपला पकडायला देल्फिनाला त्या सकाळी नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, कारण तिचं लक्ष कोंबड्यात नव्हतंच. ते चुलीमागच्या खिळ्यावर होतं. खिळ्याला तंगुसाची दोरी वाळत टांगलेली होती, आणि दोरीला चारऐवजी तीनच माश्या होत्या, ट्राउट मासे फसवायला गळावर बांधतात तसल्या, पिसाच्या.

शेवटी बिशप सरपणाच्या ढिगामागे सापडला. तिने त्याला उचलून मांडीत आवळला, त्याचं डोकं काखेत खुपसलं आणि पाठीवरची पिसं एकेक करून उपटायला घेतली. मे महिन्यातला उतरता चंद्र होता. आज काढली नाहीत तर पिसातला उजेड पुढच्या चंद्रापर्यंत विझून जातो. एक पीस, एक झटका. झटका सरळ हवा. तिरका बसला की मुळाशी रक्त येतं आणि तिथे पुन्हा पीस धरत नाही. बिशप दर झटक्याला शिव्या हासडल्यासारखा ओरडत होता.

"ओरड बाबा, ओरड," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर चोच मारली असती."

त्याने मारलीच.

चुलीवर शिळ्या पावाचं लसणीचं सूप रटरटत होतं. वर माळ्यावर तिचा मुलगा एल्पिदिओ झोपला होता, किंवा झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. तो अंधुक उजेडात आला होता, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. "गिरणीच्या बांधावर पाय घसरला," म्हणाला. देल्फिनाने पुढे काही विचारलं नाही. तिशीच्या मुलाला आईने काय काय विचारायचं? तिने कोरडा शर्ट दिला. तो घालताना त्याच्या बरगडीखाली एक आडवा वळ दिसला, जांभळा, तीन बोटं रुंद. तिने शर्ट खाली ओढून तो झाकला. पण असा वळ उठवणारी वस्तू अख्ख्या गावात एकच होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

तीच वस्तू आता दारावर आदळली. तीनदा.

निकानोरचा सोटा ओकच्या लाकडाचा होता, बुडाला लोखंडी टोपण बसवलेला. तो दारावर पडला की आवाज आधी लाकडात शिरे आणि मग माणसाच्या पोटात. गावातली तान्ही पोरंसुद्धा त्या आवाजाने रडायची थांबत. देल्फिना उठली. कोंबडा सोडला. कमरेचा एप्रन काढून तो खिळ्यावर, त्या दोरीवर नीट पसरून टांगला, आणि मगच तिने दाराची कडी काढली.

निकानोर नदीचा राखणदार. पोर्मा नदीचा वरचा सगळा पट्टा राजधानीतल्या साहेबलोकांसाठी राखून ठेवलेला होता. तिथे गावच्या माणसाने गळ टाकला की निकानोर त्याला धरायचा. धरलेल्याला कधी कचेरीत न्यायचा. बहुतेक वेळा कचेरीपर्यंत नेण्याजोगा ठेवायचा नाही. आज मात्र तो स्वतःच दाराची चौकट धरून उभा होता. एक कान मुळाशी फाटला होता. खालचा ओठ सुजून हनुवटीवर आला होता, समोरचे दोन दात गेले होते, आणि डाव्या पापणीत आरपार गळ रुतला होता. गळाच्या बुडाला वीतभर तंगूस लोंबत होता. वाऱ्याने तो हलला की निकानोरचा अख्खा चेहरा आक्रसे.

"गळ काढायचाय," तो म्हणाला.

"दिसतंय. मला वाटलं कोंबडा विकत घ्यायला आलास."

"देल्फिना, थट्टा नको."

"बरं, नको. खडावा बाहेर काढ. आत्ताच सारवल्यासारखी स्वच्छ केलीय जमीन."

दोघं एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. गावात कुणाच्या हातात, कानात, मांडीत गळ रुतला की तो देल्फिनाकडेच येई. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचा आणि आज सोमवार होता. तिने निकानोरला खिडकीशी स्टुलावर बसवलं, चुलीकडे पाठ करून. त्याने सोटा गुडघ्यांत उभा धरला. तिने कढत पाणी घेतलं, फडकं बुडवलं आणि त्याचं तोंड पुसायला लागली. फडकं लाल झालं, पाणी लाल झालं, आणि खाली रक्ताखाली तिला तो जुनाच चेहरा सापडला.

सोळा वर्षांपूर्वी, युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि लोक ओकची फळं दळून भाकऱ्या करत होते, तेव्हा तिच्या नवऱ्याला याच माणसाने धरलं होतं. सेकुंदिनोच्या कोटाखाली सात ट्राउट सापडल्या. निकानोरने त्याला कचेरीत नेलं नाही. गावच्या धुण्याच्या जागी नेलं. बायका धुणं धूत होत्या. त्यांच्यादेखत त्याने सेकुंदिनोचा उजवा हात धुण्याच्या दगडावर ठेवला, बोटं एकेक करून पसरली आणि सोटा उचलला. पाच बोटं, पाच घाव. दोन घावांमध्ये तो थांबत होता, देवळाची घंटा वाजवणारा थांबतो तसा. देल्फिना धावत पोचली तेव्हा तिसरा झाला होता. चौथा आणि पाचवा तिने पाहिला. बायका खाली मान घालून कपडे पिळत राहिल्या. पाणी वाहत होतं, साबणाचा फेस तांबूस होत होता.

सेकुंदिनो या खोऱ्यातला सगळ्यांत चांगला माशी बांधणारा होता. इथे माशी बांधायला चिमटा लागत नाही, शिकंजा लागत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत उघडा गळ, दातांत रेशमाचा धागा आणि उजव्या हाताने वेढे: आधी रेशमाचं अंग, मग त्यावर कोंबड्याच्या पिसाचे पंख. सगळी कमाई बोटांची. त्याची बोटं जुळली ती झाडाच्या मुळ्यांसारखी, आणि त्या बोटांत पुढे कपसुद्धा टिकेना.

मग तो चुलीपाशी देल्फिनाच्या समोर बसून तोंडाने शिकवायला लागला. "असं नाही, असं," म्हणत वाकडा हात हवेत फिरवायचा. ती समोर बसून पाहायची. त्याचं उजवं ते तिला डावं दिसे. तिचा धागा उलटा फिरत गेला, आणि दोघांच्या लक्षात आलं तोवर हात बसून गेला होता. तेव्हापासून पोर्मेवर देल्फिनाची माशी उलट्या वेढ्याची. शहरातले साहेब म्हणत, उलट्या वेढ्याला मासा जास्त लागतो. "ट्राउटला विचारून आलात वाटतं?" ती विचारे. रेशीम धरून धरून तिच्या पुढच्या दाताला एक खाच पडली होती. हसली की ती दिसे, आणि लोकांना वाटे तिला जन्मापासूनच ती आहे.

सेकुंदिनो त्यानंतर दोन वर्षं जगला. एका मार्चमध्ये बर्फ वितळून नदी फुगली होती, तेव्हा तो कपडे घालूनच तिच्यात उतरला. पाद्र्याने वहीत लिहिलं: पाय घसरला.

"कोण होता?" फडकं पिळत तिने विचारलं.

"तोंडाला काळं फडकं होतं." निकानोर सुजल्या ओठातून बोलत होता, शब्दांतून हवा निसटत होती. "कढईच्या डोहात, मांडीभर पाण्यात उभा. दोन ट्राउट कमरेला लटकवलेल्या. मी मागून गेलो."

"हाक मारलीस?"

"हाक कशाला?"

"नाहीच मारणार. पुढे."

"सोटा घातला बरगडीत. आडवा. माणूस बसतोच त्या घावाने. हा नाही बसला. वळला आणि गळकाठी फिरवली, सपकन. गळ इथे रुतला. आणि मग..." तो थांबला. "हसू नकोस."

"नाही हसत."

"मग त्याने मला खेळवलं, देल्फिना. ट्राउटला खेळवतात तसं. मी पुढे आलो की दोरी ढिली, मागे सरलो की ताण. पापणी इतकी ताणली की मला माझ्याच पापणीचं आतलं लाल दिसत होतं. ओढत ओढत खोल पाण्यात नेलं. मी ओरडत होतो, आईला हाका मारत होतो. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. पाण्यात गुडघा पाठीवर ठेवला आणि डोकं खाली दाबलं. वर काढलं. परत दाबलं. अर्धी पोर्मा प्यायलो असेन. मग काठाला आणून दगडांवर आपटलं. दात तिथे गेले."

"आणि सोटा?"

"सोटा वाहत जाऊन बांधाला अडकला होता. नंतर काढला." त्याने तो गुडघ्यांत घट्ट धरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शेवटी त्याने माझा हात दगडावर ठेवला. उजवा. बोटं अशी पसरली. एकेक करून."

देल्फिनाच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. तिने ते उचललं नाही.

"आणि धोंडा उचलला," निकानोर म्हणाला. "एवढा. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. मी डोळा मिटला. हा मिटत नव्हता, गळामुळे. तेव्हा याच डोळ्याने पाहिलं. तो नुसता उभा होता. मग धोंडा पाण्यात फेकला, दोरी तोडली आणि गेला."

सूप उतू गेलं. निखाऱ्यांवर फेस चर्र झाला. तिने उठून भांडं बाजूला सारलं. तेवढ्यात एप्रन जागच्या जागी आहे ना, हेही पाहिलं.

"मी मूर्ख नाही, देल्फिना," तिच्या पाठीमागून निकानोर म्हणाला. "पण संशयावर माणूस आत जात नाही. मला पुरावा पाहिजे, आणि तो माझ्या पापणीत आहे. उलटा वेढा मला नुसत्या बोटाने कळतो. माशी तुझी. पण तुझ्या माश्या अर्ध्या प्रांतात आहेत. हे पीस कुठल्या कोंबड्याचं आणि ती कुणाला दिलीस, ते तू एकटीच सांगू शकतेस. काढ, उजेडात धर आणि सांग. पिसाबद्दल तू कधी खोटं बोलली नाहीस."

हे खरं होतं. मंत्र्याच्या ड्रायव्हरने एकदा गाडीभर पिसं मागितली होती, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं: ही चुकीच्या चंद्राची आहेत, नेऊ नका, पाण्यात मातीसारखी दिसतील. या गावाबाहेर कोंबडा नेला की पीस निस्तेज होतं, हेही ती कोंबडा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगे. घरात बाकी फारसं काही नव्हतं. एवढं एक होतं: देल्फिनाने पिसाचं सांगितलं की ते तसंच असायचं.

ती वाकली आणि माशी न्याहाळली. रक्ताने पंख चिकटले होते, तरी एका धारेला उजेड होता. ओल्या मातीच्या रंगावर पिवळ्या फुलाच्या परागासारखे बारीक ठिपके. बिशप. बिशपचं पीस तिने कधी कुणाला विकलं नव्हतं. त्याच्या बाराच माश्या बांधल्या होत्या, एल्पिदिओच्या नावदिवसाला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला.

गाढवा, ती मनात म्हणाली. चोरी करायला जाणारा शहाणा माणूस बाजारातली माशी घेऊन जातो, हरवली तरी कुणाचं नाव नाही सांगत. पण घरात बिशपचं पीस असताना कढईच्या डोहात बाजारची माशी टाकायची याला लाज वाटली असणार. बापही असाच होता. उपाशी मेला असता, पण वाईट पीस पाण्यात टाकलं नसतं.

"मान मागे कर," ती निकानोरला म्हणाली.

तिने जाड दोऱ्याचा फास गळाच्या वाकात अडकवला आणि दोऱ्याचं टोक उजव्या मुठीला गुंडाळलं. डावा अंगठा गळाच्या दांड्यावर ठेवला. गळाला उलटा काटा असतो; दांडा खाली दाबून एकाच सरळ झटक्यात ओढला तर काटा आल्या वाटेने बाहेर येतो. झटका तिरका बसला तर येताना जे सापडेल ते घेऊन येतो. अंगठ्याखाली निकानोरचं बुबुळ हलत होतं, सोललेल्या अंड्यासारखं मऊ आणि गरम.

एक झटका. तिरका. कोण म्हणणार होतं मुद्दाम केलं? आंधळा राखणदार नदीवर ठेवत नाहीत. एका डोळ्याने काळोखात पाण्यातला माणूस दिसत नाही. तिच्या अंगठ्याचा भार वाढला. पाहिजे त्यापेक्षा जास्त वाढला, हे तिलाही कळलं आणि त्यालाही.

"देल्फिना," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

तेवढ्यात अर्ध्या दारावरून शेजारीण ओरेन्सिआचं डोकं आत आलं. हातात विस्तवासाठी रिकामं फावडं.

"देल्फिना, दोन निखारे दे गं, माझी चूल रुसलीय. आणि एल्पिदिओला ताप नाही ना भरला? पहाटे खिडकीतून पाहिला मी, असा चिंब, म्हटलं पोरगा नदीतच निजला होता की काय! मी आमच्या यांना म्हटलं..." मग तिला स्टुलावर कोण बसलंय ते दिसलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि निखारे न घेताच रिकामं फावडं घेऊन दिसेनाशी झाली. धुण्याच्या दगडाशी सोळा वर्षांपूर्वी तीही होती.

निकानोरने देल्फिनाचं मनगट पकडलं. स्टूल उलटलं. दोऱ्याचा फास तिच्या मुठीतून सुटला. वर माळ्याच्या फळ्या करकरल्या.

"उतर खाली!" निकानोर ओरडला. "उतर, भडव्या, आता फडकं न बांधता ये!"

एल्पिदिओ शिडीने उतरला नाही, वरूनच उडी मारून आला. हातात मासे सोलायचा सुरा होता. निकानोरने सोटा फिरवला. पहिला घाव चुलीवरच्या भांड्यावर बसला, सूप भिंतीवर उडालं. दुसरा एल्पिदिओच्या खांद्यावर, हाड वाजलं. तो पुढेच आला. दोघं टेबलावर आदळले, पिसांच्या जुड्या हवेत उडाल्या, बारा-बारा पिसांच्या बांधून ठेवलेल्या सगळ्या वर्षाच्या जुड्या. एल्पिदिओने सुरा खुपसला तो निकानोरच्या कोटाच्या बाहीतून भिंतीत रुतला. निकानोरने त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. बिशप घाबरून फडफडत दोघांच्या मधोमध आला आणि तिसरा घाव, जो एल्पिदिओच्या डोक्यासाठी होता, त्याच्यावर पडला. कोंबडा एकदाही ओरडला नाही. जमिनीवर एक पंख उघडून पडून राहिला.

"बाबांची बोटं!" एल्पिदिओ ओरडत होता. त्याने सुरा भिंतीतून उपसला होता. "पाच! मी मोजली होती घरात बसून! पाच आवाज!"

"तुझा बाप चोर होता!"

"सात मासे! सात माशांना पाच बोटं!"

निकानोरने सोटा पुन्हा डोक्याच्या वर नेला आणि तिथेच थांबला. त्याचं तोंड उघडं राहिलं. पापणीतून लोंबणारा तंगूस देल्फिनाने दोन बोटांत पकडला होता आणि एकदा बोटाभोवती गुंडाळला होता. माशी पकडतात तसा, अलगद.

"हलू नकोस," ती म्हणाली.

तो हलला नाही. श्वाससुद्धा त्याने दातांतून घेतला.

"आई, ओढ!" एल्पिदिओ म्हणाला. नाकातलं रक्त त्याच्या हनुवटीवरून टपकत होतं. "ओढ ना! बाबांसाठी ओढ. नाहीतर सोड, मी बघतो."

"तूही हलू नकोस. पाऊल टाकलंस तर माझा हात हलेल, आणि मग याचा डोळा माझ्या हातावर येईल, तुझ्या नाही. तेवढं पाहिजे का तुला?"

तो थांबला. सुरा मुठीत तसाच.

"सकाळी धोंडा उचलला होतास," ती म्हणाली. "पाण्यात का टाकलास?"

एल्पिदिओने नाकाचं रक्त बाहीने पुसलं.

"बोल. मी विचारतेय."

"नाही जमलं," तो म्हणाला. मोठ्या माणसाचं रडू आवाजात मावत नाही, तसा त्याचा आवाज फुटला. "त्याने डोळा मिटला आणि मला... नाही जमलं, आई."

"मग मलाही जमायचं नाही. सुरा टेबलावर ठेव."

त्याने ठेवला. निकानोरचा सोटा हळूहळू खाली आला. देल्फिनाने डाव्या अंगठ्याने दांडा दाबला, गळाच्या वाकात अजून लोंबणारा दोरा चाचपून मुठीला गुंडाळला, आणि उभ्या उभ्याच, सांगितल्याशिवाय, झटका दिला. सरळ. गळ आल्या वाटेने बाहेर आला. पापणीवर रक्ताचा एक थेंब फुगला. निकानोरने हाताने डोळा झाकला, मग हात काढला आणि उघडझाप केली. एकदा, दोनदा. मग तो खिडकीकडे बघायला लागला, नदीच्या बाजूला, जसं काही आधी तिथे खिडकी नव्हतीच.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"मग ऐक." तिने माशी फडक्यावर पुसली, फुंकर मारून पंख मोकळे केले आणि उजेडात टेबलावर ठेवली. मग चुलीमागच्या खिळ्यावरून एप्रन काढला. उरलेल्या तीन माश्या उघड्या पडल्या. "पीस बिशपचं. बिशपचं पीस मी विकत नाही. बारा बांधल्या, बाराही माझ्या मुलाला दिल्या. विचारलंस, सांगितलं."

"आई!"

"तू गप्प बस. घरचं पीस घेऊन चोरी करायला जाताना विचारलं होतंस मला?"

निकानोर टेबलाशी येऊन माशीकडे पाहत राहिला, पण तिला हात लावला नाही. "तुरुंग आहे यात," तो म्हणाला. "राखणदारावर हात. वर्षं जातील."

"माहीत आहे."

"तुझी साक्ष लागेल."

"देईन. आणि तिथे कुणी धुण्याच्या दगडाचं विचारलं, तर तेही सांगेन. तुला अडवायला नाही. पिसाचं जसं सांगते तसंच."

ती खाली बसली आणि बिशपला मांडीत घेतला. तो अजून कोमट होता. मान सैल, कशीही वळत होती. मेलेल्या कोंबड्याच्या पिसाचा उजेड तासाभरात विझतो, आणि चंद्र आजचाच होता. तिने त्याचा उघडा पंख मिटला आणि पाठीवरची पिसं काढायला लागली. एक पीस, एक झटका. आता कुणी ओरडत नव्हतं. जमिनीवर सूप, रक्त आणि पिसं एकमेकांत मिसळली होती. एल्पिदिओ शिडीच्या पायरीवर बसला, नाकाला शर्ट धरून. खांदा एका बाजूने खाली आला होता.

निकानोर दाराबाहेर गेला आणि त्याने खडावा घातल्या. मग उंबऱ्यापाशी तो वळला. सोट्यावर भार देऊन उभा राहिला. बाहेर नदीचा आवाज येत होता, मे महिन्यात असतो तसा भरलेला.

"पोरासाठी काही मागणार नाहीस?" त्याने विचारलं. "रडणार नाहीस? इतर बाया पायाशी लोळतात."

"नाही. त्याने तुला मारलंय. तुला वाटेल ते कर." तिने एक पीस उजेडात धरलं, पाहिलं आणि जुडीत ठेवलं. "एकच मागते."

"काय?"

"तो सोटा इथे चुलीपाशी ठेवून जा."